नावं राहत नाहीत

मी पौरोहित्य करते. म्हणजे, करत होते. या दोन्हींतलं कुठलं खरं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. डोक्याला मार बसल्यावर ज्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले आणि बाकीचं काहीच नॉर्मल राहिलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एका बैठकीत वाचू नका. मीही एका बैठकीत लिहिलेलं नाही. चार ओळी लिहायच्या, पडदा ओढून पडायचं आणि उठून आधी काय लिहिलंय ते वाचायचं, असं चाललंय.

ओट्याची कड

आमचा बायकांचा गट पुण्यात बरीच वर्षं पूजा सांगतो. सुरुवातीला लोक दार उघडायचे आणि आमच्या मागे बघायचे, गुरुजी कुठे राहिले म्हणून. आता आम्हालाच गुरुजी म्हणतात. माझी जोडीदार रंजना. ती स्कूटर चालवते आणि मी मागे पूजेची पिशवी मांडीवर घेऊन तिच्या चालवण्यावर बोलत असते.

त्या दिवशी कोथरूडला वास्तुशांत होती. नवा फ्लॅट, तोंड दिसेल अशा चकचकीत फरश्या. स्वयंपाकघरात तूप सांडलं होतं आणि त्यावर कोणाच्या तरी हातून पाणी. मी कलशात पाणी घ्यायला गेले, पाय सरकला आणि ओट्याची ग्रॅनाइटची कड डोक्याला मागून लागली.

हे सगळं मी रंजनाच्या तोंडून ऐकलेलं सांगते आहे. मला त्यातलं काहीच आठवत नाही. लिफ्टमध्ये आम्ही आंब्याचे डहाळे धरून उभ्या होतो, तिथपर्यंतचं आठवतं. त्यापुढे कोरं आहे.

रंजना सांगते की मी उठून बसले, "काही नाही, काही नाही" म्हणाले. रक्त नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी होमापाशी जाऊन बसले आणि उरलेली पूजा पुरी केली. पूर्णाहुतीचे मंत्र एकही अक्षर न चुकता म्हटले. मग तिच्याकडे वळून हळूच विचारलं, "हे कोणाचं घर आहे गं?" तिला वाटलं, मी थट्टा करते आहे. तिनं नाव सांगितलं. आरतीच्या आधी मी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं हातातला नारळ खाली ठेवला आणि यजमानांना रिक्षा बोलवायला सांगितली.

जन्मभर पाठ केलेलं सगळं जागच्या जागी होतं. नुकतं सांगितलेलं तेवढं राहत नव्हतं. माझं पुढचं सगळं दुखणं त्याच दुपारी समोर दिसलं होतं, पण ओळखलं कोणीच नाही.

मुका मार

हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं. डोक्याचा स्कॅन स्वच्छ आला. तरुण डॉक्टर हसतमुख होते. म्हणाले, "काकू, मुका मार आहे. आराम करा, होईल ठीक." आम्हीही हसलो. हे खालच्या दुकानातून सगळ्या वॉर्डाला पुरतील एवढे पेढे घेऊन आले. (हे म्हणजे आमचे हे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. एका कानानं कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानानं सोयीपुरतं.)

नर्स ठरावीक वेळानं येऊन विचारायची. नाव काय? आपण कुठे आहोत? आज वार कोणता? नाव मी सांगायचे, सुमेधा. जागेला "हॉस्पिटल" म्हणायचे, कारण ते समोर दिसतच होतं. वार काही सांगता येईना. एकदा मी मोठ्या ऐटीत तिला सांगितलं, "वार राहू दे, तिथी सांगते. वद्य षष्ठी." ती बिचारी केरळची. ते बरोबर की चूक हे ठरवणारं त्या वॉर्डात कोणीच नव्हतं. तिनं काहीतरी लिहून घेतलं आणि उशी सारखी करून गेली. तिचा हात गार होता. तो तिनं माझ्या कपाळावर गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ ठेवला होता. त्या दिवसांतलं एवढं मात्र आठवतं.

घरी आल्यावर डोकं दुखायला लागलं, ते थांबेचना. उजव्या डोळ्याच्या मागे सुरू व्हायचं आणि मानेपर्यंत उतरायचं. वरच्या मजल्यावर कोणी जड कपाट ओढत न्यावं तसं. उजेड सोसेना, मोबाइलकडे बघवेना. घंटेचं तर विचारूच नका. ज्या बाईनं आयुष्यभर घंटा वाजवली, तिला समोरच्या फ्लॅटमधल्या आरतीनं उलटी व्हायला लागली. कापूर, धूप, समईच्या ज्योतीचं हलणं, यातलं काहीच चालेना. माझ्या धंद्याचं सामान तेवढं नेमकं माझ्यावर उलटलं होतं.

पुष्कळ दिवस मी ढोंग करते आहे असं मला स्वतःलाच वाटत होतं. रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग? नातेवाईक यायचे आणि "दिसतेस तर छान" म्हणून जायचे. शेवटी एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी आधी खोलीतला दिवा मालवला आणि मग बोलायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "स्कॅनमध्ये जखम दिसते, धक्का दिसत नाही. तुमच्या मेंदूला धक्का बसलाय. बरं वाटेल, पण किती आणि कधी, ते मी सांगणार नाही. खोटं ठरेल." मी त्यांच्यासमोर रडले. कोणीतरी खरं धरलं, याचंच रडू होतं ते.

त्यांनी मला पाच शब्द सांगितले होते आणि बोलणं झाल्यावर ते विचारले. मला एकही सांगता आला नाही. मग मी चिडून म्हणाले, "अख्खं रुद्र म्हणून दाखवू का?" त्या म्हणाल्या, "दाखवा." मी म्हटलं, कुठेही न अडता. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. बाहेर माणसं खोळंबली होती. मग म्हणाल्या, "हे जाणार नाही. पण तुमच्या कामाला नवी नावं लागतात, हो ना?"

लागतात. पूजा म्हणजे मंत्र असं लोकांना वाटतं. मंत्र काय, पोथीतही असतात. पण संकल्पात ज्याच्यासाठी करायचं त्याचं गोत्र आणि नाव घ्यावं लागतं. नाव नसेल तर मग मी कोणासाठी मागते आहे? आणि ते नाव दर घरी नवं असतं.

घरातला आवाज

या दुखण्यात घरच्यांचे फार हाल होतात. दुखणं दिसत नाही, पण त्याची कटकट मात्र दिवसभर ऐकू येते.

आमच्या ह्यांचा स्वभाव तिरकस. लग्न झाल्यापासून सरळ उत्तर मिळालेलं मला तरी आठवत नाही, आणि याचा मेंदूच्या धक्क्याशी काही संबंध नाही. मी विचारायचे, "गॅसवाला येऊन गेला का?" हे म्हणायचे, "गेला." थोड्या वेळानं मी पुन्हा. "गेला." पुन्हा विचारलं की, "आता तिसऱ्यांदा विचारलंस. उत्तर बदलून पाहिजे का?" मला राग यायचा, पण बरंही वाटायचं. जुन्यासारखं वाटायचं.

मग एक दिवस मी काहीतरी पुन्हा विचारलं आणि हे अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हो गं, गेला तो. तू पड." त्यात टोमणा नव्हता, काही नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. इतकी घाबरले होते. ह्यांनी माझी थट्टा करणं सोडलं, म्हणजे माझं काही खरं नाही, असं वाटलं.

कानामुळे ह्यांना टीव्ही मोठ्यानं लागतो. माझ्या डोक्यासाठी ह्यांनी तो आवाज पूर्ण बंद केला. क्रिकेटचे सगळे सामने मुक्यानं बघितले. झेल सुटला की स्वतःच्याच मांडीवर चापट मारायची, तीही हळू. त्याबद्दल मी कधी आभार मानले की नाही, ते आठवत नाही. मानले नसतील तर इथे मानते.

मातरम्

अर्धं वर्ष उलटलं. डोकं जरा निवलं. रंजनाबरोबर मी दोनतीन घरी गेले. नावं ती घ्यायची, बाकीचं मी म्हणायचे. जमलं. माझ्या मनानं उचल खाल्ली. तेवढ्यात रंजनाला ताप आला आणि एका घरचं वर्षश्राद्ध आलं. तिनं फोनवर विचारलं, "दुसरं कोणी पाठवू का?" मी म्हणाले, "मी काय मेले आहे का? जाते एकटी."

घर जवळच होतं. गेलेल्या गृहस्थांना एकच मुलगी, अदिती. तीच बसणार होती. आमचा गट मुलींना बसवतो, म्हणूनच तिनं आम्हाला बोलावलं होतं. तिच्या काकांना ते पसंत नव्हतं. ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते. अदितीची आई, मालतीबाई, भिंतीशी पाटावर होत्या. मी हात धरून अदितीला आसनावर बसवलं, पदर कसा घ्यायचा ते दाखवलं.

नावांची तयारी मी करून गेले होते. कागद समोर ठेवायची लाज वाटली. इतक्या वर्षांत कधी ठेवला नव्हता, आणि काका बघत बसतील हे अदितीनं आधीच सांगितलं होतं. म्हणून मी जिन्यात उभी राहून अदितीला फोन केला, तिचे वडील, आजोबा, पणजोबा यांची नावं आणि गोत्र विचारून घेतलं आणि (मी डावखुरी) उजव्या तळहातावर जेल पेननं बारीक लिहिलं. फार हुशारी केली असं वाटलं होतं. आत गेल्यावर पहिलं काम आचमनाचं. यजमानाबरोबर आपणही हातावर पाणी घ्यायचं. दुसऱ्या पळीलाच तळहातावर निळं डबकं झालं. चाळीस वर्षं आचमन करणाऱ्या बाईला हे आधी सुचू नये!

मी काही झालं नाही असं दाखवलं. तर्पणाच्या वेळी अदितीलाच पुटपुटून विचारलं, तिनं हळूच सांगितलं, मी म्हटलं. असं एकेक नाव पार पडलं. हायसं वाटलं आणि तिथेच घात झाला. जीभ सवयीनं पुढे निघाली. वडिलांकडच्या तीन पिढ्या झाल्या की आई. मी "मातरम्" म्हणाले. आई हयात असेल तर ती जागा सोडायची असते. हे मला झोपेतही माहीत आहे. पण स्वयंपाकघरातून कोणीतरी नुकतंच "मालती, तीळ कुठेयत गं?" असं विचारलं होतं, ते कानात ताजं होतं आणि मेंदूला त्या क्षणी तेवढं एकच नाव सापडलं.

मी ते घेतलं. अदितीला संस्कृत येत नव्हतं, ती माझ्यामागून शब्द न् शब्द म्हणत होती. तिनंही ते घेतलं. "स्वधा नमस्तर्पयामि" म्हणून तिळाचं पाणी अंगठ्यावरून सोडलं. आपल्याच हातानं, आई मागे बसलेली असताना.

मग मालतीबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अहो गुरुजी, मी आहे अजून."

अदितीनं मागे वळून पाहिलं. तिला तेव्हा कळलं. तिचा ओला हात तसाच पुढे राहिला होता. काका खुर्ची सरकवून उठले. "मी म्हटलं होतं, नीट गुरुजी बोलवा. बायकांना बोलावलं की हे असं होतं."

माझं काय व्हायचं ते होवो. पण एवढ्या वर्षांत आम्ही सगळ्या जणींनी घरोघरी बसून जे मिळवलं होतं, ते माझ्या एका शब्दानं त्या माणसाच्या हाती गेलं. मी क्षमा मागितली, विष्णुस्मरण केलं, उरलेलं पुरं केलं. डोळ्यामागचं कपाट सरकायला लागलं होतं. जिन्यातून उतरताना कठडा धरूनही पायऱ्या हलत होत्या.

घरी ह्यांना सांगितलं. हे काहीच तिरकस बोलले नाहीत. मी रंजनाला कळवलं की माझं नाव कोणाला सांगू नकोस. ती भांडली, रडली, पण तिनं ऐकलं.

त्यानंतरचे महिने मी फारसे सांगू शकत नाही. थोडे आठवत नाहीत म्हणून आणि थोडे आठवतात म्हणून. डोकं दुखायचं ते कमी झालं होतं. दुःख मात्र वाढलं. सकाळी उठून आंघोळ करून मी तयार व्हायचे आणि मग जायला कुठलंच घर नसायचं. हातपाय धड असलेल्या माणसाचा पूजेच्या पिशवीकडे गेलेला हात अर्ध्या वाटेवर थांबतो, त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मालती हे एक नाव मात्र डोक्यात पक्कं बसलं. बाकी सगळी गळून जायची, ते काही केल्या जात नव्हतं.

जे असं काही भोगत असतील त्यांना एवढंच सांगते. आपल्याला काय होत नाही, ते माणसांना आधी सांगून टाका. हातावर लिहून लपवू नका.

पुढच्या वर्षी

वर्षानं मालतीबाईंचाच फोन आला. मी आवाज ओळखला.

"पुढच्या आठवड्यात ह्यांचं श्राद्ध आहे. तुम्ही यायचं."

"मी आता करत नाही हो. तुम्हाला कारण माहीत आहे."

"माहीत आहे. तुम्ही मला वर पाठवलंत. त्यानं आयुष्य वाढतं म्हणतात. माझा तर गुडघासुद्धा सुधारलाय." मग म्हणाल्या, "भावजींनी दुसरे गुरुजी बघितलेत. ते अदितीला बसू देणार नाहीत. पुतण्या बसेल म्हणतात. तिनं वडिलांची शेवटची दोन वर्षं सगळं केलं. तिचे हात मी रिकामे ठेवणार नाही."

"रंजनाला पाठवते. ती माझ्यापेक्षा चांगली आहे."

"असतील. पण त्या दिवशी एवढं झाल्यावरही तुम्ही पूजा अर्धी टाकून गेला नाहीत. पोरीचा हात धरून पुरी केलीत. ती म्हणते, त्याच बाई हव्यात."

मी सगळं सांगून टाकलं. ओट्याची कड, पाच शब्द, निळं डबकं. "नाव मला राहत नाही," मी म्हणाले. "मंत्र मी म्हणेन. नावाच्या जागी थांबेन. तिथं अदितीनं नाव घ्यायचं."

"चालेल की," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी काका आले नव्हते. घंटा बाजूला ठेवली होती. खिडकीचा पडदा कोणीतरी आधीच ओढून घेतला होता. मी अदितीच्या समोर बसले, तिच्या तळहातावर तीळ आणि पाणी दिलं, सुरुवात केली. "अस्मत्पितरम्" म्हणाले आणि थांबले.

अदितीनं तोंड उघडलं, पण आवाज येईना. तिचे ओठ नुसते हलत होते. तिच्या बोटांमधून पाणी गळायला लागलं. मी माझ्या डोक्यात शोधलं. आत येतानाच तिनं मला नाव सांगितलं होतं, मी दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. आत काहीही नव्हतं. अदितीकडे बघून माझेही डोळे भरून आले. एका मुलीला वडिलांना पाणी द्यायचं आहे आणि आम्हा दोघींना मिळून एक नाव येत नाही.

तेव्हा मागून मालतीबाईंनी ते नाव घेतलं.

त्यांच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही नाही घेत. लग्नात उखाण्यात घ्यायचं, आग्रह झाला तर मुलीच्या बारशाला, आणि मग जन्मभर "हे". त्यांचा आवाज जरा घोगरा आला. पहिल्या अक्षरावर अडखळला, मग पुरा झाला. अदिती वळून आईकडे बघत राहिली. मग तिनं तेच नाव म्हटलं, मी पुढचं म्हटलं आणि पाणी सुटलं. सासऱ्यांचं नावही त्यांनीच घेतलं, आजेसासऱ्यांचंही. तिसरं झाल्यावर मी क्षणभर थांबले, तर म्हणाल्या, "इथं मी नाही. पुढं चला." आम्ही तिघीही रडत रडत हसलो.

जाताना अदिती जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "आईच्या तोंडून बाबांचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. घरी येऊन अंधार करून पडले. डोकं खूप दुखलं त्या दिवशी.

त्यानंतर मी त्या एकाच घरी जाते, वर्षातून एकदा. बाकीची घरं सुटली ती सुटली. ती परत येतील असं डॉक्टरीणबाईही म्हणत नाहीत आणि मीही विचारत नाही.

हे लिहिताना वाटलं होतं, शेवटी त्या गृहस्थांचं नाव इथे लिहावं. ज्यांच्यासाठी एवढं झालं त्यांचं तेवढं तरी लिहावं. पुष्कळ वेळ पेन धरून बसले. मालतीबाईंचा आवाज जसाच्या तसा ऐकू येतो, त्या अक्षरावर अडखळलेला. पण नाव काही येत नाही.